वाफसा आल्याशिवाय वाफ्यात फावडं घालू नका

पाऊस उघडला, दोन दिवस चांगलं ऊन पडलं की हात शिवशिवायला लागतात, कधी एकदा वाफे खणतो आणि बी टाकतो असं होऊन जातं. पण जरा थांबा, आधी वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर उरू द्या. चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा मोकळीच असते, तिथे हवा आणि पाणी खेळतं, आणि ओल्यात तुम्ही नुसते चाललात तरी ती जागा दाबली जाते, खणलंत तर वाळल्यावर विटेसारखी ढेकळं निघतात आणि मग मुळं शिरणार कुठून?

वाफसा आलाय का ते हातानेच कळतं. बोटभर खोलवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर काम सुरू करा, नुसता ठसा उमटला आणि माती बोटांना चिकटली तर अजून दोन-तीन दिवस कळ काढा.

आणि वाफसा आला तरी खालची माती वर आणायची गरज नाही बरं का. माती खणायच्या काट्याने (फोर्कने) जागच्या जागी सैल करा, वर 1 ते 2 इंच कंपोस्ट पसरा, वरच्या चार बोटांत मिसळा, झालं. फक्त कंपोस्ट पूर्ण कुजलेलं हवं, म्हणजे काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. नाकाला झोंबत असेल किंवा ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल तर अजून मुरू द्या. मी एका वर्षी लाकडाचा कोरा भुसा मातीत कालवला होता, पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली, कारण भुसा कुजवायला जिवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपं उपाशी राहतात. तोच भुसा वर अंथरला की फारसा त्रास होत नाही.

चिकणमातीत वाळू घालायचा सल्ला बरेच जण देतात, माझं ऐका, नका घालू. थोडक्या वाळूने माती उलट जास्त घट्ट बसते, तिथे कंपोस्टच लागतं. राखही बेतानेच, तिने पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, वाढतो आणि बहुतेक भाज्यांना 6 ते 7 च्या मधलाच मानवतो.

शेवटी रोपं लागली की 2-3 इंच वाळका पाला अंथरा, खोडापासून मात्र चार बोटं लांब, नाहीतर खोड कुजतं. महिन्याभराने पाला हळूच बाजूला करून बघा. खाली पांढऱ्या बुरशीची जाळी आणि गांडुळांनी टाकलेल्या बारीक गोळ्या दिसतील. बुरशी बघून औषध मारू नका, पाला तीच कुजवतेय. पाला खाली बसलेला दिसला की वरून भर घाला.