मुलांचं हॉट चॉकलेट घरी करताना या चुका टाळा

हॉट चॉकलेटमधली साखर कमी करायची असं ठरतं आणि पहिल्याच दिवशी आपण दोन चमच्यांचा एक चमचा करतो. मूल एक घोट घेतं, ‘कडू लागतंय’ म्हणतं आणि कप सरकवून देतं. दुसऱ्या दिवशी साखर पुन्हा दोन चमचे. यात मुलाचं काहीच चुकत नाही. बहुतेक वेळा कोको कच्चा राहिलेला असतो, दूध पातळ असतं, तळाशी गाळ बसलेला असतो आणि या सगळ्यावर साखरेचं पांघरूण घातलेलं असतं. पांघरूण काढलं की खालचं सगळं उघडं पडतं. म्हणून साखर कमी करायची तर सुरुवात कोकोपासून करावी. तो नीट निवडला आणि नीट शिजवला तर एक सपाट चमचा साखर पुरते, आणि मुलं तक्रारही करत नाहीत.

डबा निवडताना

दुकानात ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ आणि ‘कोको पावडर’ एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात. रंगही जवळपास सारखा, त्यामुळे घाईत कुठलाही डबा उचलला जातो. पण या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यामागची घटकांची यादी वाचा. कायद्याप्रमाणे जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो यादीत सर्वांत आधी लिहावा लागतो, आणि बऱ्याच डब्यांवर पहिलं नाव साखरेचंच असतं. त्याखालच्या पोषणतक्त्यात १०० ग्रॅममागे साखर किती ते पाहा. ६०-७० ग्रॅमचा आकडा दिसला तर नवल नाही. अशा पावडरीचे दोन भरगच्च चमचे घालून ‘मी वरून साखर घातलीच नाही’ असं म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ असे दोन वेगळे आकडे असतात. दुधातही स्वतःची साखर असते, १०० मिलीमध्ये साधारण साडेचार-पाच ग्रॅम. तिची काळजी करू नका. बघायचा तो दुसरा आकडा.

मॉल्टच्या पावडरींचंही तेच. ‘उंची वाढते, ताकद येते’ असं ऐकत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या, म्हणून त्या घरात हक्काने येतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढून टाकायला सांगितलं. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची व्याख्याच नाही, हे त्यामागचं कारण होतं. पालकांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

तर घ्यायची ती बिनसाखरेची कोको पावडर. तिच्यातही दोन प्रकार येतात. नैसर्गिक कोको फिकट तपकिरी, थोडा आंबट आणि कडवट असतो. दुसरा अल्कली (आंबटपणा मारणारा क्षार) लावलेला, म्हणजे ‘डच प्रोसेस्ड’. रंगाने गडद, चवीला सौम्य. डब्यावर तसं लिहिलं नसेल तर घटकांमध्ये ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ आणि पुढे ५०० किंवा ५०१ असा क्रमांक शोधा. तो असला की कोको अल्कली लावलेला. अल्कलीमुळे कोकोतले फ्लॅव्हनॉल, म्हणजे आरोग्याला चांगले मानले जाणारे घटक, कमी होतात, म्हणून आरोग्याचा विचार करणारे लोक नैसर्गिक कोकोच घ्या म्हणतात. मुलांच्या बाबतीत मला ते पटत नाही. आंबट-कडू कोको गोड करायला साखर जास्त लागते, आणि एका कपातल्या फ्लॅव्हनॉलपेक्षा वाचलेल्या चमचाभर साखरेचं मोल मी जास्त धरते. सौम्य कोको घ्या.

पावडरीऐवजी चॉकलेटची वडी किसून घालणार असाल तर ती ‘कंपाउंड’ नाही ना, ते बघा. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असतं. केकवर ओतायला ते ठीक आहे, पण गरम दुधात घातलं की वर तेलाचा तवंग येतो आणि मुलं नाक मुरडतात.

कोको कच्चा राहणं ही सगळ्यांत मोठी चूक

बहुतेक घरांत दूध गरम करतात, त्यात चमचाभर कोको टाकतात, ढवळतात आणि कपात ओततात. वर कोरड्या पावडरीच्या गोळ्या तरंगत राहतात. चमच्याने दाबली की गोळी फुटते आणि आतून सुकी भुकटी निघते. साध्या कोको पावडरमध्ये १०-१२ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ती सहज भिजत नाही. त्यात एकदम भरपूर दूध पडलं की गोळीचं बाहेरचं आवरण भिजतं आणि आत पाणी शिरायला वाटच राहत नाही.

एका मुलाच्या कपाचं माप असं धरा: १५० मिली दूध, चहाच्या चमच्याने दोन सपाट चमचे कोको, एक सपाट चमचा साखर आणि चिमटीत येईल त्याहून कमी मीठ. आधी पातेल्यात कोको, साखर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. साखरेचे दाणे कोकोच्या कणांमध्ये शिरतात आणि गुठळ्या तिथेच निम्म्या होतात. मग दोन-तीन मोठे चमचे कडकडीत पाणी घाला. दूध नाही, पाणीच. चमच्याच्या पाठीने पातेल्याच्या कडेला दाबून घोटा. सुरुवातीला मिश्रण खरखरीत आणि निस्तेज दिसतं, नंतर एका क्षणी ते एकदम चकचकीत होतं, रंग गडद होतो आणि चमच्यावरून सलग धार पडायला लागते.

आता पातेलं मंद आचेवर ठेवा. मिश्रण रटरटायला लागलं की मिनिटभर सतत ढवळा. या मिनिटात नाक जागं ठेवा. आधी येणारा धुळकट, कच्चा वास जातो आणि चॉकलेटचा भाजका वास स्वयंपाकघरभर पसरतो. हा वास आल्याशिवाय दूध घालू नये. तो आल्यावर दूध थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी ढवळा, आणि एक उकळी येऊ द्या. एवढ्या एका मिनिटाने कडवटपणात जो फरक पडतो, तो अर्धा चमचा साखर वाढवूनही पडत नाही.

मीठ का, असं बरेच जण विचारतात. थोडंसं मीठ जिभेला जाणवणारा कडूपणा दाबतं. खारट लागेल इतकं घालायचं नाही, आहे हेही कळता कामा नये.

तरीही गुठळ्या झाल्याच तर चहाच्या गाळणीतून गाळा, गाळणीत राहिलेलं चमच्याने दाबून खाली उतरवा आणि पुन्हा एक उकळी काढा. गाळणीतलं फेकून देऊ नका, चव त्यातच आहे.

पातळ लागतं, तळाशी गाळ बसतो

कोको साखरेसारखा विरघळत नाही, त्याचे कण दुधात नुसते तरंगत असतात. पाच मिनिटं कप तसाच राहिला की ते खाली बसतात. मग वरचं दूध फिकं आणि शेवटचे दोन घोट कडू लागतात. यावर आपल्या घरात आधीपासूनच सोय आहे, नाचणी सत्त्व. एका कपाला अर्धा चमचा सत्त्व दोन चमचे गार पाण्यात कालवून उकळत्या दुधात घाला आणि चार-पाच मिनिटं शिजवा. दुधाला अंगधरपणा येतो, कोको खाली बसत नाही आणि दाट पेय जिभेला आपोआप जास्त भरीव लागतं. सत्त्व कोरडंच उकळत्या दुधात टाकाल तर पुन्हा गुठळ्या, आणि अर्ध्याचा एक चमचा कराल तर गार होईपर्यंत खीर तयार. कॉर्नफ्लोअरनेही काम होतं, पण नाचणीची चव कोकोशी फार छान जमते.

दुधाच्या बाबतीत मुलांसाठी अति कंजूषपणा नको. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश दीड टक्का असतो, त्यात चॉकलेट पाणचट लागतं आणि हात पुन्हा साखरेकडे जातो. गाईचं किंवा टोन्ड दूध, म्हणजे तीन-साडेतीन टक्क्यांचं, पुरेसं आहे. म्हशीचं सायीचं दूध असेल तर तिसरा हिस्सा पाणी घातलं तरी चालतं. बदामाचं किंवा ओटचं दूध वापरत असाल तर बिनसाखरेचं घ्या.

गूळ, मध, खजूर

‘आम्ही साखर वापरत नाही, गूळच घालतो’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. गुळाची चव मलाही आवडते, पण दातांना आणि शरीराला तो साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटना मधाची साखरही मर्यादित ठेवायच्या साखरेत धरते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं, म्हणजे सुमारे सहा सपाट चमचे. दोन वर्षांखालच्या बाळांना अजिबात नको. गूळ घाला किंवा साखर, चमचे तेवढेच मोजा. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

गुळाने दूध फाटतं, ही तक्रार फार येते. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, त्यात नैसर्गिक कोकोचा आंबटपणा मिळाला आणि दूध उकळतं असलं की काम झालंच. गूळ थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून गाळून घ्या. गॅस बंद करा, दूध दोन-तीन मिनिटं निवू द्या, मग गुळाचं पाणी घाला आणि पुन्हा उकळू नका. ताजं दूध फाटलंच तर ते टाकून देऊ नका. आटवत राहा, चॉकलेटी कलाकंद होतो आणि मुलं तो आवडीने खातात.

खजूर बरा, कारण त्यात चोथाही पोटात जातो. बिया काढून गरम दुधात अर्धा तास भिजवा आणि मिक्सरमधून अगदी बारीक वाटा. पण एका साध्या खजुरात साधारण पाच ग्रॅम साखर असते. एक खजूर म्हणजे एक चमचा, असा हिशोब ठेवा. चार-चार खजूर घालून पौष्टिक म्हणू नका. खारकेची पूड घालत असाल तर ती कोकोबरोबरच शिजवा, नाहीतर घशाला खरखरते.

शुगर फ्री गोळ्या किंवा स्टीव्हिया मुलांच्या कपात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने गोडाची सवय आहे तशीच राहते. आपल्याला जीभच कमी गोडाला सरावायला हवी आहे. त्यासाठी दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, मुलांना कळतही नाही. सोबत वेलची किंवा दालचिनीची चिमूट घाला. गोड पदार्थांत नेहमी येणारे हे वास असले की कमी साखरही जास्त भासते. जायफळ मात्र खरोखर चिमूटभरच, ते प्रमाणाबाहेर गेलं तर त्रास होतो.

साय, करपट वास, भाजलेली जीभ

दूध तळाला लागलं तर पातेलं खरवडू नका, वरचं दूध हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. दूध ओतण्याआधी पातेलं पाण्याने विसळून घेतलं तर ते तळाला कमी लागतं.

सायीची खाप ओठाला लागली की काही मुलं कप तिथेच सोडतात. गॅस बंद केल्यावर रवी घ्या आणि अर्धा मिनिट घुसळा. साय धरत नाही आणि वर छान फेस येतो. मेक्सिकोत चॉकलेट घुसळायला मोलिनियो नावाची लाकडी रवीच वापरतात, आपल्यासारखीच दोन तळव्यांमध्ये फिरवतात. फेस असला की क्रीम आणि मार्शमेलोची आठवणही येत नाही.

स्टीलचा पेला बाहेरून चटकन तापतो, म्हणून लहान मुलांना जाड कप द्या. दाट पेय लवकर निवत नाही. वरून कोमट वाटलं तरी आत चटका बसतो, तेव्हा ढवळून स्वतः एक घोट घेऊन मगच द्या. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं असेल तर हे आणखी जपा.

किती आणि केव्हा

कॅफिनची धास्ती घेण्याचं कारण नाही. दोन सपाट चमचे कोकोत साधारण १० मिलिग्रॅम कॅफिन असतं, चहाच्या कपापेक्षा बरंच कमी. त्याबरोबर थिओब्रोमिन असतं, तेही थोडं उत्तेजकच. म्हणून अगदी झोपताना नको, संध्याकाळी खेळून आल्यावरची वेळ उत्तम. रात्री दिलंच तर दात घासूनच झोपवा. गोड दूध पिऊन तसंच झोपणं हे मुलांचे दात किडण्याचं एक मोठं कारण आहे.

जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच देऊ नका. दूध आणि कोको दोन्ही जेवणातलं लोह शोषलं जाण्यात अडथळा आणतात, आणि आपल्याकडच्या मुलांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण आधीच मोठं आहे. लहान मुलांना दिवसभराचं दूध अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा, त्यातच हा कपही धरा.

रोज द्यावं का? माझं उत्तर नाही असं आहे. कोकोच्या झाडात जमिनीतून कॅडमियम येतं, आणि बिया वाळवताना धुळीतून शिसं लागतं. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०२२ आणि २०२३ मध्ये तपासलेल्या काही डार्क चॉकलेट आणि कोको उत्पादनांत हे धातू चिंता वाटावी इतके आढळले होते. घाबरून कोको बंद करायची गरज नाही, पण वाढत्या वयात रोजचा कप नको. आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं.

उरलेलं हॉट चॉकलेट लगेच फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी एकदा उकळून देता येतं, किंवा गारच घुसळून दिलं तरी चालतं. शाळेसाठी थर्मासमध्ये भरून देणार असाल तर थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या, आत कडक गरमच भरा आणि मधल्या सुट्टीत संपवायला सांगा. कोमट दूध दुपारपर्यंत बंद थर्मासमध्ये राहिलं तर त्यात जिवाणू वाढतात. तसं परत आलं तर हुंगत बसू नका, ओतून टाका.