वॉर्डात नवीन लागलेल्या मुलींसाठी, आधी कंबर सांभाळा

जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) 3 वर्षांत इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेसिंग सगळं शिकवलं, पेशंट कसा हलवायचा तेही एका प्रॅक्टिकलला झालं, पण तिथे बेडवर डमी नाहीतर आमचीच एखादी बारीक मैत्रीण. वॉर्डात 80-85 किलोचे काका असतात, पॅरालिसिस झालेले, अर्धं अंग ढिलं, आणि बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून दर 2 तासांनी कूस बदलायची म्हणजे बदलायचीच.

मला लागून महिनापण झाला नव्हता. नाइट होती, वॉर्डातल्या आया मावशी एक पेशंट घेऊन एक्स-रेला गेलेल्या, म्हटलं कशाला थांबायचं, आपणच करू. काकांच्या काखेत हात घालून वर ओढलं आणि तसंच वाकलेलं असताना उशी घ्यायला बाजूला वळले. कमरेत कट्ट. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना टेबल धरून उभी होते, सगळ्यांना वाटलं हिला झोप येतेय.

इनचार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत, ड्रॉशीट हातात दिली, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली आडवी घालायची चादर. दोन्ही कडा पेशंटच्या अंगाजवळ येईपर्यंत गुंडाळायच्या, दोघी समोरासमोर, गुडघे थोडे वाकवून, एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं, उचलायचं नाहीच. बेड वरखाली होत असेल तर आधी कमरेच्या लेव्हलला घ्या (आमच्याकडे तसे दोनच होते, असो).

आता दुसरी आणायची कुठून? नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्ममध्ये टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटमागे 1 सिस्टर, आमच्याकडे नाइटला 40 पेशंट आणि आम्ही दोघी. म्हणून वॉर्डबॉय मामा, मावशी, पेशंटचा मुलगा, जो दिसेल त्याला हाक मारायची, लाज नाही वाटून घ्यायची, फक्त कॅथेटर आणि आयव्ही लाइनवर (सलाइनची नळी) लक्ष आपलं.

सीपीआरला (हृदय बंद पडलं की छाती दाबतात ते) पण तेच, एकटीने रेटायचं नाही. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती 5-6 सेंटीमीटर दाबायची, दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा, नवीन मुली जिद्दीने बदलतच नाहीत आणि मग प्रेशरच पडत नाही. बेड उंच वाटला तर सरळ स्टूलवर चढा.

पायांना कॉम्प्रेशन सॉक्स, ते घरून निघतानाच घाला, पाय सुजल्यावर चढत नाहीत. आणि पाणी प्या. बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून 12 तास घोटभर पाण्यावर काढणाऱ्यातली मीही होते, शेवटी युरिन इन्फेक्शन होऊन आपल्याच ओपीडीत केस पेपर काढून लाइनीत बसले.