नॉक सेन्सर: शोधायचा कुठे, बदलायचा कसा, आवळायचा किती

पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०३२५ हा दोषाचा कोड आला, की गॅरेजात लगेच ऐकायला मिळतं, "नॉक सेन्सर गेलाय, बदलून टाकू." थोडं थांबा. या सेन्सरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. पिझो सिरॅमिकची, म्हणजे दाब पडला की वीज देणारी चकती आणि तिच्यावर एक वजन, एवढाच त्याचा संसार. त्यामुळे तो स्वतःहून सहसा जात नाही. जास्त वेळा सापडतं ते कपलरमध्ये (वायरच्या जोडणीत) शिरलेलं पाणी, उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा आधीच्या कामात अंदाजाने आवळलेला बोल्ट. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर ऊब शोधत येतातच, आणि सर्व्हिसिंगला प्रेशरने इंजिन धुतलं की राहिलेली कसर भरून निघते.

सेन्सर ब्लॉकची थरथर मोजतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकलं (यालाच नॉक म्हणतात) की ठरावीक पट्टीतली थरथर उठते, आणि ती मिळताच ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो. सिग्नलच बंद झाला तर ईसीयू धोका न पत्करता टायमिंग कायमचं मागे ठेवतो. म्हणून सेन्सर बिघडलेली गाडी बहुतेकदा आवाज करत नाही. तिचा पिकअप मरतो आणि अॅव्हरेज पडतं. उलट पुण्याजवळच्या कात्रजच्या चढाला कडकड ऐकू येत असेल, पण कोड नसेल, तर सेन्सरला हात लावू नका. आधी कूलंट, प्लगचा नंबर, कार्बन आणि पेट्रोल बघा. टाकीच्या झाकणावर ९५ ऑक्टेन लिहिलेलं असेल तर ९१ घालून तक्रार करण्यात अर्थ नाही.

कोड नीट वाचा. पी०३२५ म्हणजे सर्किटचा दोष, पी०३२७ म्हणजे सिग्नल कमी, पी०३२८ म्हणजे जास्त. पी०३३० पासून पुढचे काही कोड दुसऱ्या सेन्सरचे. पी०३२६ मात्र फसवा असतो. सेन्सर ठणठणीत असताना सैल हीट शील्ड किंवा ब्रॅकेटचा खडखडाटही हा कोड आणू शकतो.

जागा: चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, ब्लॉकवर, हेडच्या जरा खाली आणि बऱ्याच गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला. व्ही६ असेल तर अनेकदा सिलिंडरच्या दोन्ही ओळींमधल्या (बँकांमधल्या) दरीत, म्हणजे मॅनिफोल्ड उतरवणं आलंच. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून आत घाला आणि मेदूवड्यासारखा, मधून बोल्ट गेलेला काळा गोल तुकडा शोधा. काही जुन्या इंजिनांत तो थेट आट्यांवर बसणारा असतो. ऑइल फिल्टरजवळचा एका वायरचा असेल तर बहुधा तो ऑइल प्रेशर स्विच. त्याला नॉक सेन्सर समजून काढलंत तर तेल अंगावर येईल.

काढण्याआधी तपासा. कपलर सोडा, आत हिरवट थर आहे का बघा. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना लावा आणि शेजारच्या ब्लॉकवर पान्याने हलकेच टकटक करा. आकडा हलला पाहिजे. सेन्सरवर मात्र ठोकू नका. रेझिस्टन्सचा योग्य आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. काही सेन्सरमध्ये आत रेझिस्टर असतो, काहींत नसतो, आणि नसलेल्यात मीटर 'ओपन' दाखवतो, तो बिघाड नव्हे. वायर तुटली असेल तर साधा तुकडा जोडू नका. ही वायर शील्डेड असते, म्हणजे तिच्यावर बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण असतं. शील्ड गेली की इग्निशनचा गोंगाट सिग्नलमध्ये घुसतो.

तरीही सेन्सरच दोषी निघाला, तर चॅसी नंबर देऊन पार्ट मागवा. पुण्यात नाना पेठेत घेणार असाल तर जुना सोबत न्या आणि कपलरचा आकार, वायरची लांबी जुळवून बघा. मॅनिफोल्ड उतरणार असेल तर गॅस्केट नवंच घ्या.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. खालून काम असेल तर गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही. मॅनिफोल्ड काढला की उघड्या पोर्टवर लगेच टेप लावा. एक वॉशर आत पडला तर हेड उतरवायची वेळ येते. सेन्सरचा बोल्ट बहुधा एम८, डोकं १२ किंवा १३ चं. जुना सेन्सर निघाला की बसण्याची जागा बारीक स्कॉचब्राइटने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. गंज, रंग, जुनं सीलंट, काहीही राहू देऊ नका. सेन्सरखाली वॉशर, ग्रीस, थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा डिंक) यातलं काही लावायचं नाही.

खरं काम पुढे आहे. बोल्ट हाताने पूर्ण बसवा, कपलरचं तोंड जुन्याच दिशेला ठेवा, सेन्सर शेजारच्या ब्रॅकेटला टेकत नाही ना बघा आणि टॉर्क रेंचने आवळा. मधून बोल्ट जाणाऱ्या या प्रकारासाठी नेहमीचा आकडा २० न्यूटन-मीटर. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. हा दाब सिरॅमिकवरच पडतो. सैल राहिला तर थरथर नीट पोचत नाही, जास्त आवळला तर चुकीचा सिग्नल येतो किंवा चकती तडकते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे जातात ते वेगळंच. रेंचवरचं एककही बघा: फूट-पाउंडच्या मापावर २० लावलेत तर प्रत्यक्षात २७ न्यूटन-मीटर होतात.

मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळा. नंतर कोड पुसा, इंजिन गरम करा आणि जुन्या कात्रज घाटात तिसऱ्या गिअरवर, ओढ पडेल असं चढवा. नवले पुलाच्या उतारावर स्कॅनर बघत बसू नका. तिथे आधीच अपघात कमी नाहीत. परत आल्यावर पेंडिंग कोड (नोंदला गेलेला, पण अजून पक्का न झालेला दोष) वाचा. पी०३२७ पुन्हा दिसला, तर कपलरपासून ईसीयूपर्यंतची वायर एकेक पिन करून तपासायला घ्या.