सकाळी भरती, संध्याकाळी सुटी: ऑपरेशनमधलं पेशंटचं काम

हर्निया, हायड्रोसील, मोतीबिंदू, अंगावरची गाठ... अशा बऱ्याच ऑपरेशनमध्ये आता त्याच दिवशी सुटी मिळते. म्हणजे पहिल्या रात्री शेजारी सिस्टर नसते, घरची माणसं असतात, आणि दवाखाना तालुक्याला राहतो. म्हणून सांगणं, विचारणं आणि लक्ष ठेवणं ही कामं पेशंटनंच उचलायची.

तारीख ठरते त्या दिवशी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावरून काही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि न विचारता चालूही ठेवू नका. साखरेच्या काही गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते लिहून घ्या.

आपल्या विदर्भात आणखी तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात. घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर सांगा, तुमचं सिकलसेलचं कार्ड असेल तर ते दाखवा. अंगातलं पाणी कमी पडलं, अंग गार पडलं किंवा ऑक्सिजन घटला की या पेशंटला तीव्र दुखणं उठू शकतं. आधी माहीत असेल तर डॉक्टर सलाईन आणि पांघरुणाची सोय करतात. दुसरी गोष्ट फवारणी. पऱ्हाटीवर (कपाशीवर) नुकतंच औषध मारलं असेल तर डबा कोणता होता ते सांगा, कारण मोनोक्रोटोफॉससारख्या विषामुळे स्नायू सैल करणाऱ्या एका इंजेक्शनचा असर लांबू शकतो.

तिसरी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. आरशासमोर तोंड उघडा आणि आपलीच तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. सुपारीनं तोंड आखडलेलं असलं की श्वासाची नळी घालणं कठीण होतं, आणि हे टेबलावर कळण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेलं कितीतरी बरं. लाज धरू नका, तुमच्या जिवासाठीच विचारतात ते.

उपाशी राहण्याचा साधारण हिशेब असा: तेलकट किंवा मटणाचं जेवण आठ तास आधी, हलकं खाणं आणि दुधाचा चहा सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. सगळ्यात जास्त फसतं ते बस स्टँडवरच्या चहानं. "दोन घोट तर घेतले" म्हणून माणूस सांगत नाही. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. घेतला असेल तर सरळ सांगा. ऑपरेशन पुढं ढकललं जाईल, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली आणलेल्या ऑपरेशनच्या तपासयादीत पहिले प्रश्न पेशंटलाच आहेत: नाव काय, कोणतं ऑपरेशन, कोणती बाजू. भुलेचं इंजेक्शन देण्याआधी स्वतःच बोला, "डॉक्टरसाहेब, उजव्या अंगचा हर्निया हाय जी," आणि बोट ठेवून दाखवा. पेनानं खूण केली नसेल तर करायला सांगा.

सुटीच्या वेळी नुसती मान डोलावू नका. गोळ्या कधी, पट्टी कधी, परत कधी यायचं, हे सिस्टरला आपल्या शब्दांत सांगून "बरोबर हाय का?" विचारा. रात्री सोबत राहणाऱ्यालाही तिथंच उभं करा. कमरेत भुलेचं इंजेक्शन दिलं असेल तर पाय पूर्ण हलू लागल्याशिवाय उठू नका. त्याचा असर उतरला की दुखणं एकदम चढतं, म्हणून सांगितलेली पहिली गोळी वेळेवर घ्या, दुखायची वाट पाहू नका.

चोवीस तास गाडी, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, दारू आणि कागदावरची सही, सगळं बंद. पावसाळ्यात नाल्याला पूर येण्यासारखा असेल तर ती रात्र तालुक्यालाच सोयऱ्यांकडे काढा.

सहा-आठ तासांत लघवी झाली नाही आणि ओटीपोट तटतटलं, पट्टी रक्तानं भिजतच राहिली, ताप 101 फॅरनहाइटच्या वर गेला, उलट्या थांबेनात, किंवा मोतीबिंदूनंतर डोळा जास्त दुखू लागून दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट पाहू नका. सुटीच्या कागदावर रात्री लागणारा फोन नंबर लिहून घेतलेला असावा. तो लागला नाही तर 108.