मापात बसणारा डीएनए: सनबोर्ड, जोंधळ्याची धाटं आणि ठिबकची नळी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत विज्ञान प्रदर्शन आलं की डीएनएचा नमुना हमखास असतो. बहुतेक वेळा ती नुसती पीळ दिलेली शिडी असते. तिच्यावर पट्टी लावून पाहिली तर एकही माप जुळत नाही. खाली दिलेला नमुना मोजून तपासता येतो: खरा 1 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) म्हणजे इथे 10 सेंटिमीटर.

रेणूची मापं आधी डोक्यात बसू द्या. व्यास 2 नॅनोमीटर. दोन धाग्यांना जोडणारी शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे अक्षरांची (बेसची) एक जोडी. एका जोडीपासून दुसरी 0.34 नॅनोमीटर उंच. दहा जोड्यांत एक पूर्ण वेढा, म्हणजे 3.4 नॅनोमीटर. (पाण्यातल्या डीएनएत एका वेढ्याला साधारण साडेदहा जोड्या भरतात, पण 36 अंशांची विभागणी हाताने करायला सोपी, म्हणून दहा धरा.) आपल्या नमुन्यात व्यास 20 सेंमी, दोन जोड्यांतलं अंतर 3.4 सेंमी आणि दोन वेढ्यांची उंची 68 सेंमी.

सामान असं: 3 मिमी जाडीचा सनबोर्ड, 4 मिमी जाडीची 80 सेंमी लांब लोखंडी सळी, ती उभी रोवायला 25 सेंमीची चौकोनी फळी, ठिबकची बारीक नळी प्रत्येकी 155 सेंमीचे दोन तुकडे, दाभण, सुतळी, फेविकॉल आणि जोंधळ्याची वाळलेली धाटं. धाटाच्या आतला भेंड मऊ असतो, सळी सहज आत जाते आणि घट्ट बसते. अथणीकडे कडब्याला तोटा नाही. खानापूरच्या भातपट्ट्यात धाटं मिळाली नाहीत तर ठिबकच्याच जाड नळीचे तुकडे चालतील. पावसाळ्यात पुठ्ठा मात्र वापरू नका, दमट हवेने तो लवतो आणि वरच्या पायऱ्या खाली झुकतात.

सगळ्यात जपून करायचं काम पायरीचं. कागदावर 10 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कडेवर एक खूण करा, तिथून सरळ रेषेत 18 सेंमीवर कडेवरच दुसरी. दोन्ही खुणा मध्यबिंदूला जोडल्या की साधारण 128 अंशांचा कोन होतो. हाच त्रिकोण सनबोर्डवर गिरवा, मध्यबिंदूला आणि दोन्ही खुणांना दाभणाने छिद्रं पाडा आणि मध्याच्या छिद्राभोवती दीड सेंमी व खुणांच्या बाहेर एक सेंमी जागा राखून कापा. असे 21 तुकडे हवेत. दोन टोकं समोरासमोर, 180 अंशांवर, घेण्याचा मोह होतो. तिथेच नमुना चुकतो. खऱ्या रेणूत साखरेचे जोड एकाच बाजूला कललेले असतात, त्यामुळे दोन धाग्यांमधली एक खाच रुंद आणि एक अरुंद होते. जनुकांवर काम करणारी पुष्कळ प्रथिनं रुंद खाचेतूनच अक्षरं ओळखतात.

आता रंग. डीएनएची अक्षरं म्हणजे चार बेस: ए आणि जी हे दोन कड्यांचे मोठे, टी आणि सी एका कडीचे लहान. म्हणून 18 सेंमीच्या बाजूवर मोठ्याला 11 आणि लहानाला 7 सेंमी द्या. ए-टी मध्ये हायड्रोजन बंधाचे दोन ठिपके, जी-सी मध्ये तीन. अक्षरं मनाला येतील तशी लावू नका. 21 जोड्यांत माणसाच्या बीटा-ग्लोबिन (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग) जनुकाची सुरुवात नेमकी मावते: एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी. पहिल्या धाग्यावर (म्हणजे पहिल्या नळीच्या बाजूला) ही अक्षरं खालून वर लावा, समोर त्यांचे जोडीदार. ए-टीच्या 10 आणि जी-सीच्या 11 पायऱ्या झाल्या पाहिजेत, ठिपके एकूण 53.

विसाव्या पायरीचा रंगीत कागद चिकटवू नका, टाचणीने लावा. तिथला ए काढून टी ठेवला (आणि समोर टीच्या जागी ए) की जीएजीचं जीटीजी होतं. प्रथिनात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरं येतं. सिकलसेलचा (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा) आजार या एका अक्षरामुळे होतो.

सळीवर दोन पायऱ्यांच्या मध्ये ओवायला धाटाचे 20 तुकडे 3.1 सेंमीचे कापा, कारण उरलेले 3 मिमी सनबोर्डची जाडी भरून काढते. पेराची गाठ टाळा आणि टोकं काटकोनात कापा. प्रत्येक तुकड्यात एक मिमी जास्त गेला तर शेवटी उंची दोन सेंमीने चुकते.

फळीवर सळीभोवती 10 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून कंपासने 6.2 सेंमीच्या दहा खुणा करा. पहिल्या धाग्याचं छिद्र पहिल्या खुणेच्या बरोबर वर, पुढच्या पायरीचं दुसऱ्या खुणेवर, असं वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने चढत जा. गुण्या उभा धरला की नेम चुकत नाही. अकरावी आणि एकविसावी पायरी पहिलीच्या थेट वर यायला हवी. हे जुळल्यावरच फेविकॉल लावा. आधी लावला तर कोन सुधारता येत नाही.

शेवटी दोन धाग्यांच्या जागी दोन नळ्या पायऱ्यांच्या छिद्रांना सुतळीने बांधा. एका वेढ्याला सुमारे 71.5 सेंमी नळी लागते. समोरून पाहताना नळी डावीकडून खालून उजवीकडे वर चढली पाहिजे, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखी. उलट दिसली तर पीळ डावा झाला आहे. नमुना उलटा धरून तो उजवा होत नाही, पायऱ्या नव्यानेच लावाव्या लागतात. नळ्यांमधलं उभं अंतर मोजा: आळीपाळीने 12 आणि 22 सेंमी. 17 आणि 17 आलं तर पायरीचा कोन चुकला आहे.

पहिल्या नळीवर बाण वर, दुसरीवर खाली काढा. दुसऱ्या धाग्यावरची अक्षरंही उलटी चिकटवा, म्हणजे धागे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात हे पाहताक्षणी कळतं. पहिल्या धाग्याच्या खालच्या टोकाला 5 प्राइम, वरच्या टोकाला 3 प्राइम लिहा; ही धाग्याच्या दोन टोकांची नावं आहेत.

नावांच्या पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत करा, परीक्षक कुठल्या माध्यमाचे येतील सांगता येत नाही. 25 एप्रिल 1953 ला रचना प्रसिद्ध झाली ही तारीख लिहिताना वॉटसन आणि क्रिक यांच्या शेजारी विल्किन्स, रोझालिंड फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचीही नावं घाला. वेढ्याचं 3.4 हे माप ज्या क्ष-किरण छायाचित्रांतून मिळालं, ती या शेवटच्या तिघांच्या प्रयोगशाळेत काढलेली होती.