हलत्या झडपांचा कॅबिनेट घरी बनवताय? या चुका टाळा

समोरचं दार आपोआप उघडतं, वरची झडप गरमी वाढली की वर उचलली जाते, बाजूचा पत्रा बटण दाबलं की सरकतो. असा कॉम्प्युटरचा कॅबिनेट तालुक्याच्या गावात बसूनही बनवता येतो. सगळ्यांचं लक्ष असतं ते मोटर फिरेल का याकडे. खरा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात दुपारी दोनला, टिनाच्या खोलीत, लाइन येऊन-जाऊन असताना झडप बंद अवस्थेत अडकली तर आतल्या ग्राफिक्स कार्डाचं काय होईल? त्याचं उत्तर आधी ठरवा, मग पत्रा कापा.

सगळी हवा झडपेच्या भरवशावर सोडणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. झडप बंद, मोटर जळालेली आणि पंखे जोरात फिरताहेत, पण ओढायला हवाच नाही. अकोला-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ अंश असताना अशा कॅबिनेटला सावरायला फार वेळ मिळत नाही. प्रोसेसर वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं.

उपाय साधा आहे. दार पूर्ण बंद असतानाही हवा जाईल एवढी फट कायम ठेवा. १२० मिमीच्या एका पंख्याचं पात्यांचं क्षेत्रफळ मधला गोल सोडून साधारण १०० चौरस सेंमी येतं. समोर असे दोन पंखे असतील तर निदान २०० चौरस सेंमी वाट हवी. ४५ सेंमी उंच आणि २२ सेंमी रुंद दाराभोवती चारही बाजूंनी २ सेंमी फट सोडली की सव्वादोनशेच्या पुढे हिशेब जातो. मग दार हे मुख्यतः शोभेचं राहतं. ते मध्येच रुसलं तरी मशीन चालू राहतं.

दोन सेंमीच्या फटीतून पाल आत शिरते, उंदीरही शिरू शकतो, म्हणून पंख्याच्या पुढे २-३ मिमी भोकांची जाळी बसवा. खिडकीला लावतो ती बारीक डासांची जाळी लावू नका. ती हवा फार अडवते आणि कापसाच्या तंतूंनी आठवड्यात तुंबते.

तापमानाचा आकडा व्हिडिओतून उचलणं

थंड देशातल्या प्रोग्राममध्ये "४० अंशाला उघड, ३५ ला बंद कर" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० अंश. झडप सकाळी उघडेल ती रात्रीपर्यंत उघडीच. म्हणून दोन सेन्सर लावा, एक मागच्या पंख्याजवळ आणि एक कॅबिनेटबाहेर सावलीत. दोघांतला फरक १२ अंशांवर गेला की उघडायचं, ७ वर आला की बंद करायचं. दोन्हीसाठी एकच आकडा ठेवला तर झडप दर मिनिटाला फडफडत राहते आणि सर्वोचे (झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात महिनाभरात घासतात.

डीएस१८बी२० सेन्सर वापरत असाल तर डेटा आणि ५ व्होल्टच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. आर्डुइनोवर (सेन्सर वाचून मोटर हलवणाऱ्या छोट्या बोर्डावर) तापमान उणे १२७ दिसलं तर सेन्सरशी संपर्कच नाही, असं समजा. चालू केल्या केल्या ८५ दिसलं तर सेन्सरने अजून मोजमाप केलेलं नाही. प्रोग्राममध्ये या दोन्ही आकड्यांना एकच आज्ञा द्या: झडप उघड.

मोटर निवडताना अंदाजपंचे

एसजी९० ही निळी छोटी सर्वो स्वस्त मिळते, म्हणून सगळे तीच लावतात. तिची ताकद ४.८ व्होल्टला साधारण १.८ किलो-सेंटिमीटर (म्हणजे आसापासून १ सेंमीवर १.८ किलो पेलण्याइतकी), तीही मोटर अडकून थांबते त्या क्षणाची. रोजच्या कामाला त्याच्या निम्मीच धरा.

आता हिशेब करा. ४० × २० सेंमीची वरची झडप १ मिमी लोखंडी पत्र्याची केली तर वजन सुमारे ६३० ग्रॅम. बिजागरी ४० सेंमीच्या कडेला असेल तर वजनाचा मध्य तिथून १० सेंमीवर, म्हणजे उचलायला ६.३ किलो-सेंटिमीटर लागतात. तीच झडप ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची केली तर वजन २८५ ग्रॅम आणि काम २.९ मध्ये होतं. दुकानांच्या पाट्यांना लावतात तो ३ मिमी एसीपी पत्राही जवळपास तेवढाच हलका असतो आणि पाटीवाल्याकडे त्याचे तुकडे पडून असतात. धातूच्या दातांची एमजी९९६आर सर्वो (४.८ व्होल्टला सुमारे ९.४) ही हलकी झडप सहज उचलते. लोखंडीच हवी असेल तर बिजागरीच्या मागे ५ सेंमीवर एक किलोचं वजन बांधा. ५ किलो-सेंटिमीटर तिथेच फिटतात.

कपाटासारखं बाजूला उघडणारं दार असेल तर वजन मोटरवर येतच नाही, फक्त घर्षण येतं. पहिलाच प्रयत्न असेल तर असंच दार करा. दोन सुट्या बिजागऱ्या एका रेषेत बसल्या नाहीत तर मात्र चांगली सर्वोही कण्हते. त्यापेक्षा पूर्ण उंचीची लांब पट्टी-बिजागरी बरी.

विदर्भात आणखी एक मोह हमखास होतो: कूलरची स्विंग मोटर. घरात पडून असते, हळू फिरते, फुकट असते. पण ती २३० व्होल्टची आहे आणि चालू होताना कोणत्या दिशेने फिरेल याचा भरवसा नाही. कॅबिनेटच्या आत, मदरबोर्डाशेजारी २३० व्होल्टची उघडी जोडणी नकोच. भंगारातली गाडीच्या काचेची मोटरही नको. ती १२ व्होल्टची असली तरी अडकली की इतका करंट ओढते की एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) स्वतःला वाचवायला बंद पडतो. लोक मग एसएमपीएस बदलतात.

वीज भलत्या ठिकाणाहून घेणं

खुणा आणि कारणं इथे बऱ्यापैकी ठरलेली असतात.

झडप हलली की आर्डुइनो रीसेट होतो: सर्वोला आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून वीज दिलेली आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो आणि एमजी९९६आर अडकली की दोन अँपियरच्या पुढे जाते. झडप हलली की मशीनच रीस्टार्ट होतं: हार्डडिस्कच्याच तारेवर सर्वो टोचलेली आहे आणि व्होल्टेज क्षणभर पडतं. सर्वो नुसतीच थरथरते: सर्वोची ग्राउंड तार (या सर्वोंमध्ये तपकिरी) आणि आर्डुइनोची ग्राउंड पिन एकमेकींना जोडलेली नाही.

बरोबर जोडणी अशी. एसएमपीएसच्या मोलेक्समधली (चार तारांच्या कनेक्टरमधली) पिवळी तार (१२ व्होल्ट) आणि काळी तार घ्या, पिवळीवर ३ अँपियरचा फ्यूज लावा, पुढे एलएम२५९६ चं (व्होल्टेज कमी करणारं) मॉड्यूल लावून ५.५ व्होल्ट करा. हे मॉड्यूल नवं असताना बरेचदा १२ च्या जवळपास आउटपुट देतं. मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवून आधी व्होल्टेज बसवा, सर्वो नंतर जोडा. उलट क्रमाने केलं तर सर्वो पहिल्याच सेकंदाला जाते. सर्वोजवळ १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर टाका.

मदरबोर्डाच्या फॅन हेडरवर मोटर लावू नका, तिथे साधारण १ अँपियरचीच मुभा असते. मशीन बंद केल्यावर दार मिटावं म्हणून जांभळी तार (स्टँडबाय ५ व्होल्ट) वापरायचा विचार येतो. तिची ताकद दोन-तीन अँपियर आणि त्यातून मदरबोर्डही पोसला जातो. मोठी सर्वो तिथे नको.

प्रोग्राममध्ये attach (सर्वोला पिनशी जोडणारी आज्ञा) च्या आधी सर्वोला सुरुवातीची जागा लिहून द्या, नाहीतर चालू करताच दार थाडकन आपटतं. आणि झडप जागेवर पोचली की detach (ती जोडणी सोडणारी आज्ञा) करा, म्हणजे रात्रभर घूं-घूं होत नाही. हे दोन शब्द प्रोग्राममध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांतच लिहायचे.

सर्वोऐवजी साधी डीसी मोटर किंवा लिनियर अ‍ॅक्चुएटर (दांडा सरळ पुढे-मागे ढकलणारी मोटर) असेल तर एक जादा काळजी. सर्वोला आपण कुठे आहोत ते कळतं, डीसी मोटरला कळत नाही. लाइन गेली आणि दार मध्ये थांबलं की परत चालू होताना ती भिंतीला धडकेपर्यंत फिरते. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (दार टेकलं की दबणारं बटण) लावा, तोही एनसी (एरवी जोडलेला, दबला की तुटणारा) जोडणीने, म्हणजे तार तुटली तरी मोटर थांबते. शिवाय प्रोग्राममध्ये वेळेची मर्यादा ठेवा. दार ३ सेकंदांत उघडत असेल तर ५ सेकंदांनी वीज तोडायची. लहान मुलाचं बोट मध्ये आलं तर हीच मर्यादा कामी येते.

पत्र्याचं काम

यासाठी नागपूरला जायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी कूलरच्या बॉडी बनवणाऱ्यांकडे पत्रा कापायला, वाकवायला आणि रिव्हेट मारायला लागतं ते सगळं असतं. १ मिमीचा पत्रा सांगा आणि कागदावर मापं मिलिमीटरमध्येच द्या. इंच-सुतात दिली तर पंख्याची भोकं जुळत नाहीत. १२० मिमी पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी असतं. १२० धरून भोकं पाडली की तो पत्रा वाया.

मदरबोर्ड आत ठेवून ड्रिल किंवा ग्राइंडर चालवू नका. लोखंडाचा कीस बोर्डाखाली जातो आणि दोन महिन्यांनी कधीतरी शॉर्ट करतो. कापलेली कड कानसून झिंक प्रायमर मारा, कूलरच्या दमट हवेत उघडी कड पावसाळ्याआधीच गंजते. कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट घेऊच नका.

थ्रीडी प्रिंटचे भाग मागवत असाल तर पीएलए प्लास्टिक सांगू नका. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि ग्राफिक्स कार्डाच्या झोतात मेमध्ये तेवढं तापमान होतं. सर्वोचा पकड-भाग वाकतो आणि दार तिरकं लागतं. पीईटीजी प्लास्टिक साधारण ८० पर्यंत टिकतं.

तेल, तंतू आणि तारा

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, त्यानंतर कापूस वेचणी. या काळात हवेत जे उडतं ते ग्रीसला चिकटून गिअरवर नमद्यासारखा थर बसवतं. म्हणून गाडीचं ग्रीस किंवा खोबरेल तेल नको. बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, प्लास्टिकच्या दातांना थोडं सिलिकॉन ग्रीस. ग्रॅफाइटची पावडर कुलपाला चालते, इथे नाही. तिच्यातून वीज वाहते.

दाराला एलईडी किंवा पंखा असेल तर त्याची तार बिजागरीच्या जवळून, सैल वळसा देऊन न्या आणि दोन्ही बाजूंना बांधा. एकपदरी कडक तार काही शे वेळा वाकून आतून तुटते, वरून दिसतही नाही. बहुपदरी सिलिकॉन तार घ्या.

अर्थिंग

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणजे घराचं अर्थिंग नाही किंवा सुकलेलं आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळीपासून सुटते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. हलत्या दाराची भानगड वेगळी. रंगवलेल्या बिजागरीतून ते मूळ बॉडीला नीट जोडलेलं नसतं. दार आणि बॉडी यांवरचा रंग नाण्याएवढा खरवडून दोघांमध्ये एक बहुपदरी तार स्क्रूने पक्की करा.

सगळं जोडून झालं की मदरबोर्ड बसवण्याआधी झडप २०० वेळा उघड-बंद करा, त्यातल्या दहा वेळा मध्येच प्लग काढून. सर्वो हाताला चटका बसेल इतकी तापली, स्क्रू सैल झाला किंवा दार दोन मिलिमीटर खाली बसलं, तर मोटर बदलण्याआधी बिजागरी तपासा.