रांग क्लासच्या आतच ठेवा
पायथनमध्ये क्यू, म्हणजे आधी आलेला आधी बाहेर अशी रांग, हवी असली की बरेच जण सरळ लिस्ट घेतात आणि पहिला घटक काढायला पॉप(0) करत बसतात. पहिला घटक निघाला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकवावे लागतात. लाखभर घटक असतील तर दर वेळी लाखभर सरकवासरकव! त्यापेक्षा कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक (deque) वापरा; त्यात दोन्ही टोकांनी घटक घालता-काढता येतात. रांग कितीही लांब असो, पहिला घटक काढणाऱ्या त्याच्या पॉपलेफ्टला सारखाच थोडा वेळ लागतो.

आणि हा डेक उघडा ठेवू नका, आपल्या क्लासच्या आत लपवा, हे मी कळकळीनं सांगते. बाहेर फक्त घालण्याची आणि काढण्याची मेथड दिसू द्या. नाहीतर कुणीतरी मधलाच घटक उपटतं आणि क्रम का बिघडला ते शोधण्यात दिवस जातो. रिकाम्या डेकवर पॉपलेफ्ट केलं तर इंडेक्सएरर ही चूक येते, तीही क्लासच्या आतच हाताळा.